अंबाबाईच्या प्रांगणातील पहिली मैफल

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, अखंड नंदादीप तेवू लागतो आणि देवीच्या ठाणी नऊ दिवस नाना प्रकारच्या सेवा रुजू होतात. कोणी माळ वाहतो, कोणी परडी भरतो, कोणी सप्तशतीचा पाठ करतो. या सेवांमध्येच एक सेवा नादाची आहे. मिरजेच्या अंबाबाईच्या मंदिरात नवरात्रात होणारा संगीतोत्सव हे तिचे ठळक उदाहरण होय. ओटी भरून, अंगारा लावून भाविक वळतो, तो समोर बैठकीवर तंबोरे जुळत असतात. क्षणभर तो थबकतो आणि बहुधा, "आपल्याला यातले काय कळणार?" असे पुटपुटत चपला शोधू लागतो. आजचा हा लेख त्या भाविकासाठी आहे.

गाणे ऐकण्यास आधी गाणे कळावे लागते, हा समज कोठून आला कोण जाणे. शास्त्राचा तसा आग्रह नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा थोर ग्रंथ रचला. श्रुती, स्वर, राग, ताल यांचा इतका सूक्ष्म विचार करणारा हा आचार्य ग्रंथारंभी दाखला देतो तो कोणा पंडिताचा नव्हे, तर पाळण्यातल्या तान्ह्या बाळाचा. ज्याने अद्याप कोणत्याही विषयाचा आस्वाद घेतलेला नाही, ते रडणारे बाळही गीताचे अमृत पिऊन हर्षित होते, असा त्याचा आशय आहे. त्या बाळास राग ठाऊक नसतो, ताल ठाऊक नसतो. तरी त्याचा अधिकार आचार्यांनी मान्य केला. मग आरती, भूपाळ्या आणि भजने ऐकत वाढलेल्या आपल्या घरांतील माणसांनी संकोच का धरावा? प्रल्हादाने सांगितलेल्या नवविधा भक्तीतही पहिले स्थान श्रवणास आहे, ज्ञानास नव्हे.

मैफलीत प्रथम कानी पडतो तो तंबोरा. नवख्या श्रोत्यास वाटते, गाणे सुरू होण्यापूर्वी हा वेळ फुकट चालला. परंतु पूजेआधी देव्हारा सारवतात, तसेच हे आहे. तंबोऱ्यास चार तारा. पहिली बहुधा पंचमात, मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जात आणि शेवटची खर्जात. मालकंसासारख्या रागात पंचम वर्ज्य, म्हणून तेथे पहिली तार मध्यमात लावतात. घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवून जिवारी साधली, म्हणजे नाद फुलतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणीही न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. पहिल्या दिवशी दुसरे काही न साधले, तरी डोळे मिटून तेवढा गांधार शोधावा.

हे तंबोरे मिरजेचेच. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी ही कला हस्तगत केली आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांस लागणारा भोपळा पिकतो पंढरपूर, मंगळवेढे या बाजूस. विठोबाच्या मुलखातील भोपळा, मुसलमान कारागिराचा हात आणि अंबाबाईपुढील सेवा असा हा त्रिवेणी संगम आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि तेथील दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते. नाद कोणाचा धर्म विचारीत नाही, हे त्या गावात पदोपदी दिसते.

तंबोरे जुळले की गवई बडा ख्याल मांडतो. येथेच नवा श्रोता गोंधळतो. लय संथ, शब्द थोडे आणि तेही पुनःपुन्हा. एकदा आमच्या एका यजमानांच्या सूनबाईंनी आम्हांस सरळ विचारले, "बुवा, काल ते गवई अर्धा तास एकच ओळ म्हणत होते. पुढचे कडवे विसरले होते का हो?"

आम्ही म्हटले, "सूनबाई, तुम्ही देवीपुढे जप करता, तेव्हा एकशे आठ मणी होईपर्यंत नाम बदलता का?"

त्या हसल्या, पण पुढच्या माळेला सासूबाईंना घेऊन भैरवीपर्यंत बसून राहिल्या.

ख्यालातील ओळीचे मर्म हेच आहे. शब्द तोच; परंतु दर आवर्तनात त्याचे नवे अंग उजळते. अभिषेकाची धार एकसारखीच असते, तरी मूर्तीचा एकेक भाग तिच्याखाली न्हाऊन निघतो, तसा आलापाखाली रागाचा एकेक स्वर उजळत जातो. गवई प्रथम षड्जाभोवती, खालच्या स्वरांत रेंगाळतो. मग पायरी पायरीने वर चढतो. वरचा षड्ज लागतो, तेव्हा कळस दिसल्याचा आनंद होतो. तो आनंद अर्धा तास खाली थांबलेल्यासच मिळतो.

तालाची धास्तीही बाळगू नये. कीर्तनात आम्ही कितीही दृष्टांत दिले, तरी मूळ पदाच्या ध्रुवपदावर परत येतो. गवईही तसाच मुखडा घेऊन समेवर येतो. एकतालाच्या बारा किंवा त्रितालाच्या सोळा मात्रा फिरून झाल्या, की पहिल्या मात्रेवर गवई आणि तबलजी एकत्र येतात आणि जाणत्यांच्या माना एकदम डोलतात. तेथे सम. दोनचार आवर्तनांनंतर आपली मान आपोआप डोलू लागेल. संथ ख्यालानंतर द्रुत चीज येते. कीर्तनात पूर्वरंगामागून उत्तररंग यावा, तशी. शेवटी बहुधा भैरवी.

एवढा आग्रह आम्ही का धरतो? गवयाची सेवा एकट्याने पुरी होत नाही. ऐकणारा उठून गेला, तर तीही अर्धीच राहते. एके काळी हे गाणे दरबारांत अडकले होते. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे चिरंजीव विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून ही विद्या सामान्य गृहस्थाच्या दारी आणली. त्या गृहस्थानेच पाठ फिरवली, तर ती पुन्हा मूठभर जाणत्यांच्या बंद दिवाणखान्यात जाईल. देवळाचे प्रांगण मात्र सर्वांचे आहे. तेथे तिकीट श्रद्धेचे आणि आसन मांडीचे.

नियम थोडे आहेत. राग चालू असता उठू नये; उठणे भागच असल्यास दोन रागांच्या मध्ये उठावे. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. गवयास अभंगाची फर्माईश ओरडून करू नये. तो गायचा असेल तर गाईलच. लहान मुलास एकच राग ऐकवून घरी न्यावे, म्हणजे पुढील वर्षी ते आपण होऊन हट्ट धरील. दाद मनातून आली तर द्यावी. न आली तर स्वस्थ बसणे हीही दादच.

वाचकहो, यंदा ओटी भरून झाल्यावर चपलांकडे वळण्याआधी घटकाभर सतरंजीवर टेका. रागाचे नाव शेजाऱ्यास विचारण्याची घाई करू नका. नाव मागाहून कळेल. नादरूपिणी जगदंबा आपणां सर्वांस ऐकणारे कान आणि थांबणारे मन देवो, एवढेच तिच्या चरणी मागणे.