पिशवीला घाई, घासाला सबुरी

कुर्ल्याच्या दुकानातून किंवा थेट चेन्नईच्या कोळत्तूरहून आणलेला डिस्कस मासा बदलापूरच्या मांजर्लीतल्या फ्लॅटमध्ये आठवडाभरात दगावला की खापर बहुधा नळाच्या पाण्यावर फुटतं. मासा अ‍ॅमेझॉनचा, तिथलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी, मग उल्हास नदीच्या पाण्यात तो कसा टिकणार, असा हिशेब असतो. पण बाजारात मिळणारे बहुतेक डिस्कस कित्येक पिढ्या टाक्यांतच वाढलेले असतात. ७ च्या आसपासचा सामू (पीएच) त्यांना चालतो, चालत नाही तो त्यातला रोजचा चढउतार. क्लोरीन काढून टाकायचं आणि सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी असेल तर त्याची कठीणता तपासायची, एवढं केलं की पाण्याचा दोष बराचसा संपतो. खरी चूक घाईच्या जागेत आहे. मासा ज्या पिशवीतून येतो तिच्यापाशी आपण तासन्‌तास रेंगाळतो आणि खाऊ घालायला मात्र त्याच संध्याकाळी धावतो.

बंद पिशवीत मासा कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही सोडत असतो. पहिल्यामुळे पाण्याचा सामू उतरतो आणि त्यामुळेच बराचसा अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढू लागतो. तो एका अंकाने चढला तर अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. विमानाने दिवसभर प्रवास करून आलेल्या माशाची उघडी पिशवी टाकीला टांगून दोन तास थेंबथेंब पाणी सोडणं म्हणजे त्याला त्या विषात मुरवत ठेवणं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवून तापमान जुळवावं, मग पिशवी उघडून मासा जाळीने टाकीत सोडावा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं. यावर अनुभवी मंडळी सामू आणि कठीणतेच्या धक्क्याची भीती घालतात. भीती खोटी नाही. पण ती जुळवाजुळव मासा येण्याआधी करायची असते. विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा सामू आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) विचारून टाकी तशी तयार ठेवावी. कुर्ल्याहून लोकलने दोनेक तासांत आलेल्या पिशवीत अमोनिया थोडाच साचतो. तिथे हळूहळू चार वाट्या पाणी मिसळलं तरी बिघडत नाही.

पाण्याचं तापमान २८ ते ३० अंश ठेवावं लागतं आणि थंडीत बदलापूरचा पारा मुंबईपेक्षा बराच खाली येतो, म्हणून हीटर हवाच. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंपही हवा. वीज जाण्याचा इथला लौकिक पाहता तो बॅटरीवर चालणारा असलेला बरा.

आता खाणं. नवा डिस्कस काळवंडून कोपऱ्यात उभा राहतो आणि घरातल्यांचा जीव खालीवर होतो. पण मासा थंड रक्ताचा. शरीर गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून धडधाकट मोठा डिस्कस काही दिवस न खाता सहज राहतो. न खाल्लेला घास मात्र तळाशी कुजून अमोनिया करतो आणि नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात. म्हणून पहिला दिवस दिवा बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्यांचा चिमूटभर तुकडा विरघळवून टाकावा आणि दहा-पंधरा मिनिटांत उरलंसुरलं नळीने ओढून घ्यावं. डिस्कसचं तोंड लहान, खाणं सावकाश. तो घास तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. याला नकार समजू नये. भूक चाळवण्यासाठी जिवंत ट्युबिफेक्स देण्याचा सल्ला दुकानात हमखास मिळतो. मासे त्यावर तुटून पडतात हे खरं, पण हे किडे घाण पाण्यात पोसलेले असतात आणि प्रवासाने आधीच खचलेल्या माशाला त्यांच्याबरोबर आलेले जंतू झेपतीलच असं नाही. त्यापेक्षा सोललेल्या कोळंबीचा बारीक खिमा बरा. आठवडा उलटूनही मासा तोंड लावत नसेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसत असेल, तर तो रुसवा नव्हे, बहुधा आतड्यातला परजीवी आहे. तिथे औषधच लागतं. आणि हे उपासाचं गणित पिलांना लावू नये. दोन इंचांचं पिलू वाढीच्या वयात उपाशी राहिलं तर त्याची वाढ खुंटते. त्याला दुसऱ्या दिवसापासूनच थोडं थोडं, पण दिवसातून चार-पाच वेळा द्यावं आणि तेवढ्याच नेमाने पाणी बदलावं.