बैठ्या कामालाही वापसा हवा



या पानावर एरवी आपण बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि पाचट यांवर बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्याने तरतरीत कसे राहावे? "आम्हा शेतकऱ्यांना याचं काय?" असे कोणी म्हणेल. पण तुमच्या लागणीची नोंद खुर्चीवरचाच माणूस करतो. शिवाय सोसायटीत, बँकेत, तालुक्याच्या कचेरीत बसणारी आपलीच मुले-सुना आहेत.

माझीच एक चूक सांगतो. गट ऑफिसला मी नोंदी घेत होतो. दुपारचे तीन वाजलेले, जेवण पोटभर झालेले आणि सकाळपासून जागचा उठलो नव्हतो. एका सभासदाची १५ जुलैची आडसाली लागण मी १५ ऑक्टोबर अशी लिहिली. ऊस पूर्वहंगामीत गेला, तोड अडीच महिने लांबली. तोवर तुरा येऊन, दशी पडून वजन घटले. तो सभासद भांडला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, पेन तुमचं होतं, वजन माझं गेलं."

असे का होते? दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळाप्रमाणेच थोडी गुंगी येते. जड जेवण व अपुरी झोप ती वाढवतात. दुसरे कारण बैठक. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. बसून राहिले की हा पंप मंदावतो. रानात पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि ऊस पिवळा पडतो, तसेच हे समजा. डॉ. जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कामगारांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दोन मजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांत, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. बस एकच, फरक उठबशीचा!

आता उपाय पाहू.

१) दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालावे. पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवावा, म्हणजे पाणीही पोटात जाते आणि उठणेही होते.

२) पावले जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात, कमरेला आधार आणि कोपर टेबलाच्या उंचीला असावेत. पाय लोंबकळत असतील तर खाली फळी ठेवावी. कॉम्प्युटरचा पडदा हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवावी.

३) दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे नजर टाकावी. डोळ्यांचा ताण हलका होतो.

४) दुपारी भाताचा ढीग नको. भाकरी, उसळ, ताक पुरे. चहा संध्याकाळी टाळावा. त्यातले निम्मे कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असते आणि रात्रीची झोप मोडते. झोप किमान सात तास हवीच.

५) तारखा, गट नंबर, बँक खाते अशी नाजूक कामे सकाळी उरकावीत. फायली लावण्याचे काम दुपारी ठेवावे.

एवढे करूनही कायम थकवा वाटत असेल तर रक्त व साखर तपासून घ्यावी. दुखणे अंगावर काढू नये.

सभासदांना एक विनंती. नोंदीला शक्यतो सकाळी या. पावती हातात पडली की तिथेच उभे राहून लागण तारीख, जात, गट नंबर आणि क्षेत्र वाचून घ्या. "साहेबांना कसं विचारायचं?" असा संकोच धरू नका. त्या चुकीपासून मीही प्रत्येक नोंद सभासदाला मोठ्याने वाचून दाखवतो, आणि वाचताना उभा राहतो. दोन्ही कामे एकदम होतात.

आपला,
ऊस विकास अधिकारी