इम्प्लांट-ब्रिजचं बिल: कॅप की रिटेनर?

माझा पीएचडीचा विषय टायटॅनियमच्या पृष्ठभागाचा. त्यामुळे घरात, शेजारी कुणी दाताचा इम्प्लांट बसवला की बिल माझ्याकडे येतं. त्यातही अमेरिकेहून सुट्टीत संभाजीनगरला येऊन दातांचं काम करून घेणारे बरेच. त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘इम्प्लांट ब्रिज, तीन दात’ एवढीच ओळ आहे, तिकडच्या इन्शुरन्सला चालेल का?

बहुधा नाही. अमेरिकेत दातांच्या इलेक्ट्रॉनिक क्लेमसाठी सीडीटी नावाची कोड-यादी कायद्यानेच ठरलेली आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशन ती दरवर्षी सुधारते. आपल्या खासगी दवाखान्यांत अशी एक यादी सक्तीची नाही.

समजा, खालच्या डाव्या बाजूच्या तीन दाढा नाहीत: ३५, ३६, ३७. दोन टोकांना इम्प्लांट बसवून मधला दात त्यांच्या आधारावर तोलायचा आहे. त्याचे भाग असे:

१. इम्प्लांट: हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं. याच गुणावर स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. कोड डी६०१०, दोनदा.

२. अबटमेंट: स्क्रू आणि दात यांना जोडणारा खुंटा. तयार असेल तर डी६०५६, मापाने बनवला तर डी६०५७. हाही दोनदा.

३. रिटेनर: खुंट्यावर बसणारा टोकाचा दात. पूर्ण सिरॅमिकचा असेल तर डी६०६८, दोनदा. (दातांची तार काढल्यावर घालतात तो रिटेनर वेगळा.)

४. पॉन्टिक: मधला दात, ज्याच्याखाली काहीच नाही. सिरॅमिकचा डी६२४५, एकदा.

गोंधळ होतो तो तिसऱ्या भागात. रिटेनर दिसायला हुबेहूब कॅपसारखा, म्हणून बिलात ‘कॅप’ लिहिलं जातं. पण इम्प्लांटच्या खुंट्यावरच्या सुट्या सिरॅमिक कॅपचा कोड डी६०५८. सुटी कॅप फक्त स्वतःचा भार घेते; रिटेनर शेजारच्या पॉन्टिकचाही घेतो. दोन कॅप आणि एक पॉन्टिक असा क्लेम गेला, तर कागदावर तो पॉन्टिक कशालाच जोडलेला नसतो. मग क्लेम अडकू शकतो.

अजून एक फाटा आहे. वेगळा खुंटा न लावता ब्रिज थेट इम्प्लांटवर स्क्रूने कसला, तर सिरॅमिक रिटेनरला डी६०७५ लागतो आणि अबटमेंटचा कोड लावायचा नाही. म्हणजे पहिल्या प्रकारात सात नोंदी, दुसऱ्यात पाच.

दातांचे नंबरही बदलतात. आपले ३५, ३६, ३७ म्हणजे अमेरिकेच्या पद्धतीत २०, १९, १८.

ज्यांना क्लेम करायचाच नाही, त्यांनीही ही फोड मागावी. दोन दवाखान्यांचे दर तेव्हाच नीट तुलता येतात. एकाच्या आकड्यात अबटमेंट धरलेला असतो, दुसऱ्याच्या नसतो. आणि पाच वर्षांनी पुण्यात स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना कंपनी, माप आणि जोडणी कळायला हवी.

म्हणून काम सुरू होण्याआधीच डॉक्टरांना तीन गोष्टी मागा: भागवार एस्टिमेट, दातांचे नंबर आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर. क्लेम करणार असाल तर तुमची पॉलिसी परदेशातला खर्च आणि इम्प्लांट दोन्ही धरते का, हे विमा कंपनीकडून आधी लेखी घ्या. कोड बरोबर असले तरी पॉलिसीत नसलेले पैसे मिळत नाहीत.