रोगाचा आंकडा, उपचाराचा आंकडा



आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी वेळापुरीं मुक्कामास उतरते, त्या दिवशीं चुकलेल्या वारकऱ्यास लोक आधीं दिंडीचा क्रमांक विचारतात. रथापुढें २७ दिंड्या, आणि मागें शेंकड्यांनीं. 'बारावी' एवढेंच सांगून भागत नाहीं. रथापुढील बारावी कीं मागील, हें सांगितलें तरच माणूस आपल्या राहुटींत पोंचतो. रुग्णालयाच्या कागदावरील सांकेतिक क्रमांक, ज्यास आतां सर्वत्र कोड म्हणतात, तो हेंच काम करतो. मेंदूंतील गांठीवरील किरणोपचाराचें उदाहरण घेऊन तें पाहूं.

पहिला क्रमांक रोगाचा. १८९३ सालच्या बर्टिलॉन यांच्या मृत्युकारणांच्या यादींतून आजचें जागतिक रोगवर्गीकरण वाढलें आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तींत मेंदूंतच उपजलेला कर्करोग सी ७१, फुफ्फुसांतून वा अन्य ठिकाणाहून मेंदूंत उतरलेला सी ७९.३, आणि मेंदूच्या आवरणाची सौम्य गांठ डी ३२. घरच्या माणसांच्या तोंडीं तिन्ही 'डोक्यांतली गांठ'च. उपचाराची दिशा मात्र तिन्हींची वेगळी.

दुसरा क्रमांक उपचाराचा, आणि खरी गुंतागुंत येथें आहे. स्वीडनचे शल्यवैद्य लार्स लेक्सेल यांनीं १९५१ सालीं 'रेडिओसर्जरी'ची कल्पना मांडली: कवटी न उघडतां अनेक दिशांनीं सोडलेले बारीक किरण एका बिंदूवर मिळवावयाचे. प्रत्येक किरण दुबळा, पण संगमाच्या ठिकाणीं मात्रा प्रखर. गॅमा नाइफ यंत्रांत सुमारें २०० कोबाल्टचे स्रोत हें काम करतात. नांवांत सुरी आणि कामांत सुरी कोठेंच नाहीं, ही एक गंमत!

अमेरिकेच्या यादींत शल्यवैद्याच्या या कामास, पहिली गांठ साधी असेल तर ६१७९६ आणि अवघड असेल तर ६१७९८, असे क्रमांक आहेत. ३.५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गांठ अवघड. पण लहानशी गांठही दृष्टीच्या मज्जातंतूपासून ५ मिलिमीटरच्या आंत वा मेंदूच्या देठांतच असली तर अवघडच. शेजार पाहून वजन ठरविणारा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्ष किरण देण्याचा क्रमांक पुन्हां निराळा: एकाच बैठकींत उपचार पुरा होत असतां, कोबाल्टचें यंत्र असल्यास ७७३७१, लिनिअर ॲक्सिलरेटर असल्यास ७७३७२.

आपल्याकडे यादी निराळी, तत्त्व तेंच. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ सालीं प्रथम ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते. अशा योजनेंत प्रत्येक उपचारास क्रमांक व ठरीव रक्कम असते, आणि रुग्णालय त्या क्रमांकानें आधीं मंजुरी मागतें. चित्रांत दोन गांठी आणि अर्जांत एक, किंवा अहवालांत किरण एका बैठकीचे आणि क्रमांक अनेक बैठकींचा, असें झालें कीं शंका निघून कागद परततो. वेळापुराहून पुण्यामुंबईस आलेलें कुटुंब मग परक्या शहरांत दिवस मोजीत बसतें. गांठ कांहीं कागदाची वाट पाहत नाहीं.

म्हणून अर्ज जाण्यापूर्वीं रुग्णालयांतील आरोग्यमित्रापाशीं विचारावें: गांठ मेंदूंतलीच कीं अन्य ठिकाणाहून आलेली, अशा किती आहेत, आणि किरण किती बैठकींत द्यावयाचे. मिळालेलीं उत्तरें डॉक्टरांच्या अहवालाशीं ताडून पाहावीं. क्रमांक लिहिण्याचें काम रुग्णालयाचें. एवढा ताळा घेण्यास मात्र घरांतील कोणाही लिहितांवाचतां येणाऱ्या माणसास थोडा वेळ पुरतो.