आपल्या डोक्यावर ऊन, मग धबधब्याला अचानक एवढं पाणी कुठून येतं?

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब प्रवाहात उभं होतं. पाणी कमी होतं. मग ते वाढत गेलं आणि परत फिरायला वाटच उरली नाही. एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या या कुटुंबाचा व्हिडीओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. त्या दिवशी पाच जणांचा जीव गेला. त्यातली चार लहान मुलं होती.

व्हिडीओखाली "एवढ्या पाण्यात गेलेच कशाला?" असे प्रश्न विचारले गेले. पण ते आत गेले तेव्हा एवढं पाणी नव्हतंच. खरा प्रश्न हा आहे की, काही मिनिटांत पाणी इतकं वाढतं कसं?

पाऊस तिथे, पूर इथे

तुम्ही ज्या धबधब्याखाली उभे असता, त्यात फक्त तिथे पडलेला पाऊस येत नाही. वरच्या डोंगरावर, पठारावर जेवढ्या भागातलं पाणी उतरून त्या ओढ्याला मिळतं, त्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात. खाली ऊन असलं तरी वर दोन-तीन किलोमीटरवर सर कोसळत असू शकते. मध्ये डोंगर असल्यामुळे ती दिसत नाही.

एक साधा हिशोब करूया. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं १० लाख लिटर. समजा, पाच चौरस किलोमीटरच्या पाणलोटात अर्ध्या तासात २० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे १० कोटी लिटर. १० हजार लिटरचा एक टँकर धरला, तर १० हजार टँकर! यातलं अर्धं पाणी जमिनीत मुरलं, तरी पाच हजार टँकर एका चिंचोळ्या ओढ्यातून खाली येणार.

सह्याद्रीत हे जास्त का होतं?

सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजेच काळ्या पाषाणाचा आहे. या कातळावर मातीचा थर पातळ. जूनच्या पहिल्या पावसात ही माती पाणी पिते, पण एकदा ती भरली की पुढचं पाणी थेट वाहू लागतं. त्यात उतार तीव्र आणि ओढे लहान. मोठ्या नदीला पूर यायला तास-दिवस लागतात, डोंगरातल्या ओढ्याला काही मिनिटं पुरतात.

गुडघाभर पाण्याने काय होतं?

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून वेगात वाहणारं अवघं सहा इंच पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. त्यात पायाखाली शेवाळलेला खडक. आणि जे पाणी आपल्या गुडघ्यापर्यंत असतं, ते पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेजवळ पोहोचतं.

सोप्या वाटेतला धोका : देवकुंड

रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून देवकुंड धबधब्याकडे जाणारी वाट बघा. सुरुवातीला धरणाच्या पाण्याकडेने, मग जंगलातून, ओढ्याच्या सोबतीने. बराचसा रस्ता सपाट. साधारण दीड-दोन तासांची चाल, त्यामुळे मुलांना घेऊन जाणारेही बरेच.

पण या वाटेवर ओढा ओलांडावा लागतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलेल्यांना दुपारी तोच ओढा परत येऊ देत नाही. भर पावसात इथे पर्यटक अडकल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि म्हणूनच प्रशासन पावसाळ्यात इथे बंदी घालतं. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हीच वाट घरच्यांसोबत जायला छान असते. पाणी स्वच्छ, ओढा शांत.

पाऊस नसतानाही नदी चढू शकते, हेही लक्षात ठेवा. याच भागातल्या कुंडलिका नदीवर कोलाडला राफ्टिंग चालतं, ते वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात बसण्याआधी गावात विचारा, पाणी कधी सुटतं ते.

निघण्याआधी काय बघायचं?

- हवामान विभागाचा इशारा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला. ज्या गावात जाताय तिथलाच नाही, घाटमाथ्याचाही अंदाज बघा.
- जिल्हा प्रशासनाची बंदी आहे का. भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्ह्यात अनेक ठिकाणी पाण्यात उतरायला मनाई करण्यात आली होती. असे आदेश दरवर्षी बदलतात.
- वाटेत ओढा ओलांडावा लागतो का. लागत असेल तर पावसाळ्यात मुलांना घेऊन ती वाट नको.
- कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगून जा. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

पाण्याजवळ असताना कोणत्या खुणा ओळखायच्या?

- स्वच्छ पाणी गढूळ, तांबूस व्हायला लागणं.
- पाण्यासोबत पानं, काटक्या वाहत येणं.
- धबधब्याचा आवाज वाढणं.
- मघाशी कोरडा असलेला दगड पाण्याखाली जाणं.

यातलं एक जरी दिसलं, तरी चपला, बॅग, डबा तिथेच सोडा आणि मुलांना घेऊन काठावर उंच जागी जा. जेवायला बसतानाही प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसू नका. पाणी वाढलं की सगळ्यात आधी त्याचंच बेट होतं.

ओढ्यापलीकडे अडकलात तर?

ओलांडायचा प्रयत्न करू नका. लहान ओढा जसा झटकन चढतो, तसा पाऊस थांबल्यावर बहुतेक वेळा काही तासांत उतरतोही. उंचावर थांबा, मुलांना कोरडं आणि उबदार ठेवा. रेंज असेल तर ११२ वर फोन करा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे १०७७.

घरी पोहोचायला उशीर होईल, ऑफिसची सुट्टी वाया जाईल. पण चार तास थांबलेलं कुटुंब घरी तरी पोहोचतं.

पुढच्या रविवारी ग्रुपवर धबधब्याचा प्लॅन ठरला, तर ठिकाणाच्या लोकेशनसोबत घाटमाथ्याचा अंदाजही टाका.