उशाशी असावा सूर

चेन्नईच्या मांबलम रेल्वे स्थानकावर उतरले की दोन वेगळी जगे समोर येतात. पूर्वेकडे त्यागराय नगरची बाजारपेठ आणि रंगनाथन रस्त्यावरील अलोट गर्दी. पश्चिमेकडे वेस्ट मांबलमची जुनी मध्यमवर्गीय वस्ती. पहाटे उंबरठ्यापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम रेखायचे, फिल्टर कॉफीचा दरवळ आणि त्याबरोबर एखादे भक्तिगीत घरभर पसरू द्यायचे, ही इथल्या अनेक घरांची रीत. आर्य गौडा रस्त्यावरील अयोध्या मंडपात भजने आणि गायन होते. याच वस्तीत १९५३ पासून चालत आलेले पब्लिक हेल्थ सेंटर हे धर्मादाय रुग्णालयही आहे. भजन आणि औषधोपचार येथे एकमेकांचे शेजारी आहेत.

मराठी माणसाला हे वातावरण पूर्णपणे परके वाटत नाही. सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य आले आणि त्याबरोबर मराठी कीर्तनही कावेरीकाठी पोहोचले. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा साज तमिळ हरिकथेला चढविला. ओवी, साकी, दिंडी हे छंद तिथे रुळले. दक्षिणेच्या भजन संप्रदायात आजही अभंग गायिले जातात. दुखण्याखुपण्यात विठ्ठलाला हाक मारण्याची सवय दोन्ही प्रांतांना आहे, ती अशी.

सायंकाळचे सहा

२०२० च्या ऑगस्टमध्ये या शहराने एक विलक्षण सायंकाळ अनुभवली. ख्यातनाम पार्श्वगायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम कोविडमुळे महिन्याच्या आरंभी चेन्नईतील एका खासगी रुग्णालयात दाखल झाले होते. आरंभी सौम्य वाटणारे दुखणे मध्यावर गंभीर झाले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. मराठी रसिकांनाही हा आवाज जवळचा. ‘एक दुजे के लिए’ (१९८१), ‘मैंने प्यार किया’ (१९८९) आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटांतून तो महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेला.

दिग्दर्शक भारतीराजा यांनी आवाहन केले, की २० ऑगस्ट रोजी सायंकाळी सहा वाजता प्रत्येकाने आपापल्या जागी बालसुब्रह्मण्यम यांचे एखादे गाणे लावावे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. टाळेबंदीच्या काळात एकत्र जमणे शक्य नव्हते. आजाऱ्याच्या खोलीत जाणेही शक्य नव्हते. उरला होता फक्त आवाज. ज्याने आयुष्यभर इतरांना गाणे दिले, त्याच्याचसाठी त्याची गाणी वाजली.

त्यांचे पुत्र एस. पी. चरण त्या दिवसांत वडिलांच्या प्रकृतीची माहिती चाहत्यांना देत असत. सप्टेंबरमध्ये थोडी सुधारणा दिसली, तेव्हा वडील आयपॅडवर टेनिस आणि क्रिकेट पाहत असल्याचे त्यांनी सांगितले. एवढ्याशा वाक्याने लाखो लोकांना हायसे वाटले. कारण ज्याला सामना पाहावासा वाटतो, त्याला जगण्यात रस आहे. परंतु २५ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, बालसुब्रह्मण्यम यांचे निधन झाले.

मग त्या सायंकाळच्या गाण्यांचा उपयोग काय झाला? हा प्रश्न कठोर असला, तरी टाळण्यासारखा नाही. ज्यांच्या घरी दुखणे आले आहे, त्या प्रत्येकाच्या मनात तो कधी ना कधी उभा राहतोच.

सूर काय करतात, काय करीत नाहीत

शास्त्राचे उत्तर प्रामाणिक आहे. २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे सात हजार रुग्णांवरील ७३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. संगीत ऐकणाऱ्या रुग्णांच्या वेदना आणि चिंता कमी झाल्याचे, तसेच वेदनाशामक औषधेही कमी लागल्याचे त्यात दिसले. रुग्णालयातील मुक्काम मात्र त्यामुळे कमी झाला नाही. फिनलंडमधील संशोधकांनी २००८ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांविषयी असेच निरीक्षण नोंदविले. दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली, आणि त्यांचे मनही कमी खचले.

चित्रपटाची गोष्टही अशीच. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांना १९६४ मध्ये वेदनादायक आजाराने ग्रासले. मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे मनापासून हसलो, की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा अनुभव त्यांनी १९७९ मध्ये आपल्या पुस्तकात मांडला. एका माणसाचा अनुभव म्हणजे सिद्धान्त नव्हे. पण वेदनेने पिचलेल्या माणसाला दोन तासांची झोप किती मोलाची असते, हे ज्याने रात्री जागविल्या आहेत त्यालाच कळेल.

थोडक्यात, सूर हा उपचाराचा पर्याय नाही. तो उपचाराचा सोबती आहे.

जागणाऱ्याचे दुखणे

घरात एक माणूस आजारी पडतो, तेव्हा दुखणे एकाचे नसते. औषधांच्या वेळा, तपासण्यांचे अहवाल, पैशांची जुळवाजुळव आणि नातेवाइकांचे फोन यांत शुश्रूषा करणारा माणूस स्वतःला विसरतो. त्याने क्षणभर एखादे गाणे गुणगुणले, तरी त्याचेच मन त्याला टोचते : आई तिकडे पडून आहे आणि आपण गाणे ऐकतो?

ही टोचणी स्वाभाविक आहे, पण न्याय्य नाही. अर्धा तास विसावलेला मुलगा पुढची रात्र अधिक शांतपणे जागवू शकतो. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून ‘अशी ही बनवाबनवी’तील एखादा प्रसंग पाहताना ओठांवर आलेले हसू म्हणजे आजाऱ्याशी केलेली प्रतारणा नव्हे, ती पुढच्या पहाऱ्याची तयारी असते. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) हा चित्रपट दुसऱ्याच वर्षी ‘वसूल राजा एमबीबीएस’ या नावाने तमिळमध्ये आला. रुग्णाला औषधाइतकीच मायेच्या स्पर्शाची गरज असते, हे त्याचे सांगणे मुंबईइतकेच चेन्नईलाही आपले वाटले.

काही साधी पथ्ये

संगीत वा चित्रपट निवडताना पहिला मान आजाऱ्याच्या आवडीला द्यावा. आपल्याला शांत वाटणारी बासरी त्याला कंटाळवाणी वाटू शकते. त्याला कदाचित जुने नाट्यगीत किंवा आकाशवाणीवरील बातम्याच हव्या असतील. आवाज मंद ठेवावा. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा विचार करून कानात घालायचे यंत्र वापरावे आणि परिचारिकेची अनुमती घ्यावी. थकलेल्या रुग्णाला तीन तासांचा चित्रपट झेपत नाही. पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे पुरेसे होतात. काही वेळा एखादे गाणे जुन्या आठवणींनी डोळ्यांत पाणी आणते. अशा वेळी ते चालू ठेवावे की नाही, हे रुग्णालाच विचारावे. आणि त्याला शांतता हवी असेल, तर तीही द्यावी. सोबत म्हणजे सतत आवाज नव्हे.

रुग्णालयात जाण्याची वेळ आली, की आपण घाईघाईने पिशवी भरतो. विम्याची कागदपत्रे, जुने अहवाल, औषधांची चिठ्ठी, बँकेचे कार्ड, बदलायचे कपडे. त्या पिशवीच्या एका कप्प्यात आजाऱ्याच्या आवडीच्या दहा गाण्यांची यादीही असावी. ती आजच, सगळे धडधाकट असताना, एखाद्या निवांत सायंकाळी एकत्र बसून करावी. आईला कोणते गाणे आवडते, बाबांनी कोणता चित्रपट तीनदा पाहिला होता, हे अनेक घरांत कुणी कधी विचारलेलेच नसते.

२० ऑगस्टच्या त्या सायंकाळी गाणी लावणाऱ्यांना आपला गायक वाचविता आला नाही. परंतु त्या घटकेला कुणी एकटे नव्हते. ना रुग्ण, ना त्याचे कुटुंब, ना दूरवरच्या खिडकीत उभा असलेला श्रोता. दुखण्याच्या दिवसांत माणसाला सर्वांत मोठी भीती एकटेपणाची असते. सूर ती थोडी हलकी करतात, आणि तेवढे काम काही लहान नव्हे.