सगळ्यात वरचं, तेच खरं?

गेल्या महिन्यात धाकटीच्या हातावर गरम दूध सांडलं. घाबरून मी मोबाइलवर ‘भाजल्यावर काय लावावं’ म्हणून शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेलं मलम मागवायला निघाले. सासूबाईंनी मात्र तिचा हात तडक नळाखाली धरला. तेच बरोबर होतं. आधी गार वाहतं पाणी, चांगली २० मिनिटं, मग डॉक्टर! वरचं ‘उत्तर’ चक्क जाहिरात निघाली. ‘प्रायोजित’ हा बारीक शब्द मी वाचलाच नव्हता.

जाहिराती सोडल्या, तर बाकीची क्रमवारी लागते कशी? ब्लाउज शिवणारी शोधताना आपण चारचौघींना विचारतो ना, तशीच. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल काढलं ते याच युक्तीवर. ज्या पानाचा हवाला इतर पानं देतात, ते वर. हवाला देणारं पान स्वतः नावाजलेलं असेल, तर त्याच्या शब्दाला वजन जास्त. आता शोधयंत्रं याखेरीज बरंच काही पाहतात.

पण वरचा नंबर म्हणजे खरेपणाची हमी नव्हे. लिहिणारा कोण, कधी लिहिलं, विकायला काय ठेवलंय, एवढं बघाच. वरचे टोमॅटो पाहून आपण पिशवी थोडीच भरतो?